पीडीएल-१ चा एक रिपोर्ट ६० टक्के, दुसरा ३५ टक्के, बाबांसाठी कुठला धरायचा?

गिरणगावकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण पूर्ण वाचून सांगा प्लीज. बाबांना (वय ६८, आधी मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली, बिडी ओढायचे, आता बरीच वर्षं सोडलीय) फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. एडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. उजव्या बाजूला छातीत पाणी झालं होतं ते काढलं, मग सीटी गायडेड बायोप्सी झाली घराजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये. तिथून ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) एका प्रायव्हेट लॅबला गेला आणि पीडीएल-१ नावाच्या प्रोटीनचा रिपोर्ट आला, टीपीएस नावाचा स्कोअर ६० टक्के, क्लोन (टेस्टला वापरलेली अँटिबॉडी) एसपी२६३. तिथले डॉक्टर म्हणाले ५० च्या वर आहे, केमो न देता नुसती इम्युनोथेरपी (शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देता येईल. घरात सगळ्यांना हायसं वाटलं कारण बाबांना केमोची भयंकर धास्ती आहे, आमच्याच चाळीत दोघा-तिघांचं जवळून बघितलंय त्यांनी.

मग सेकंड ओपिनियनला परळला गेलो. तिथे ब्लॉक आणि स्लाइड मागवून घेतल्या, पीडीएल-१ परत केलं, तर टीपीएस ३५ टक्के, क्लोन २२सी३, खाली कमेंट की सॅम्पलमध्ये ट्यूमर सेल कमी, अंदाजे १५०. आता ३५ म्हणजे केमो सोबत घ्यावी लागेल असं म्हणतायत, आणि तेही लगेच नाही, ईजीएफआर आणि एएलकेचे (कॅन्सरच्या जीनमधले बदल बघायच्या टेस्टचे) रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणतायत.

माणूस तोच, ब्लॉक तोच, मग ६० चे ३५ होतात कसे? मोठा भाऊ म्हणतो तिसऱ्या लॅबमध्ये करू, जे दोन जुळतील ते खरं. मेव्हणा म्हणतो सरासरी काढली तर ४७-४८ येते, म्हणजे जवळपास ५० च. त्यात आत्याच्या दिरांना तोंडाचा कॅन्सर आहे, त्यांच्या रिपोर्टवर टीपीएस नाहीच, सीपीएस २५ लिहिलंय आणि डॉक्टर म्हणाले स्कोअर चांगला आहे, मग आमचे ३५ कमी कसे? एका इंजेक्शनचं बिल लाखांच्या घरात जातं. खोली विकायची वेळ आली तरी विकू, पण आकडा नक्की कुठला धरायचा ते तरी कळू दे.

बोरिवली_वेस्ट

दादा, ६० वाला रिपोर्ट दाखवा आणि नुसती इम्युनो सुरू करा. चौथ्या स्टेजला थांबण्यात अर्थ नसतो, नंतरचे रिपोर्ट नंतर बघता येतात. आमच्या ओळखीत एकाने असंच केलं आणि तो माणूस आज ठणठणीत फिरतोय.

स्लाइडवाली

गिरणगावकर दादा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, फुप्फुसाच्या बायोप्सी जवळपास रोज बघते. तुमच्या बाबांची स्लाइड मी बघितलेली नाही त्यामुळे ६० खरे की ३५ हे मी इथे बसून सांगणार नाही, पण हा आकडा निघतो कसा ते सांगते, कारण रिपोर्टवर नुसता टक्का छापून येतो आणि तो टक्का कशाचा हे पेशंटच्या घरच्यांना कोणी समजावून सांगतच नाही.

आपल्या रक्तातल्या टी सेल असतात ना, त्यांच्यावर पीडी-१ नावाचं प्रोटीन असतं. कॅन्सरच्या सेलने आपल्या अंगावर पीडीएल-१ आणलं की ते त्या पीडी-१ ला जाऊन चिकटतं आणि टी सेल मारायचं थांबवते. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधं पीडी-१ ला धरून बसतात, अटेझोलिझुमॅब, डुर्व्हालुमॅब पीडीएल-१ ला धरतात, काम तेच, दोघांचा जोड होऊ द्यायचा नाही. (पीडी-१ सापडलं १९९२ मध्ये जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या लॅबमध्ये, २०१८ चं नोबेल त्यांना आणि जेम्स ॲलिसन यांना मिळालं ते ह्याच सगळ्या कामासाठी.) मग साधा विचार असा की ज्या ट्यूमरवर पीडीएल-१ जास्त तिथे औषध चालायची शक्यता जास्त, म्हणून आम्ही ते मोजतो.

मोजतो कसं? ब्लॉकमधून ४ मायक्रॉनचा पातळ सेक्शन कापतात, त्यावर अँटिबॉडी टाकतात, पीडीएल-१ असेल तिथे ब्राउन रंग येतो. टीपीएस म्हणजे जिवंत ट्यूमर सेलपैकी किती टक्के सेलच्या कडेला, म्हणजे मेम्ब्रेनवर, रंग आलाय. अर्धवट कड रंगली तरी धरायची, फिका रंग असला तरी धरायची, पण रंग नुसता आत सायटोप्लाझममध्ये असेल तर नाही धरायची. मेलेला भाग सोडून द्यायचा. आणि निदान १०० जिवंत ट्यूमर सेल असल्याशिवाय स्कोअर द्यायचाच नाही.

आता तुमचे १५० घ्या. त्याचे ६० टक्के म्हणजे ९० सेल, ३५ टक्के म्हणजे ५२-५३. तुमच्या घरात एवढी झोप उडालीय ती ३७-३८ सेलच्या फरकामुळे. आणि आम्ही बहुतेक वेळा एकेक सेल बोटाने मोजत नाही, स्लाइडचे भाग पाडतो, प्रत्येक भागाचा अंदाज घेतो आणि मग आकडा देतो, म्हणून रिपोर्टवर ५, १०, ३५, ६० असे गोल आकडे दिसतात, ३७ किंवा ६१ सहसा दिसणार नाही.

फरक कुठून येऊ शकतो तर मुख्य दोन जागा. पहिली, दुसऱ्या लॅबने सेक्शन कापला तो ब्लॉकमध्ये अजून खोल जाऊन. ब्लॉक तोच असला तरी तिथल्या सेल त्याच नाहीत. पीडीएल-१ ट्यूमरमध्ये सगळीकडे सारखं नसतं, एका टोकाला गच्च आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही असं मी कितीतरी स्लाइडमध्ये बघते. सुईएवढा तुकडा घेऊन अख्ख्या ट्यूमरबद्दल बोलणं म्हणजे दादर स्टेशनच्या पुलावर एका कोपऱ्यातली शंभर माणसं बघून पुलावरच्या किती जणांकडे छत्री आहे ते सांगण्यासारखं आहे, अंदाज येतो, पण कोपरा बदलला की आकडा बदलणार.

दुसरी जागा मॅक्रोफेज. फुप्फुसात ह्या सेल भरपूर असतात, मुंबईच्या माणसाच्या तर धुराची काळी पूड पोटात घेऊन बसलेल्या असतात, आणि त्या स्वतः पीडीएल-१ चा रंग घेतात. ट्यूमरच्या सेलमध्ये मिसळून बसल्या की लहान बायोप्सीत त्यांना वेगळं काढणं खरंच कठीण जातं. टीपीएसमध्ये त्या मोजायच्या नसतात. मोजल्या गेल्या तर आकडा फुगतो. तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये तसं झालं असं मी म्हणत नाहीये, पण कमी सेलच्या सॅम्पलमध्ये दोन आकडे इतके लांब आले की मी सगळ्यात आधी हेच तपासते.

राहिला क्लोनचा प्रश्न. बाजारात मुख्य चार आहेत, २२सी३, २८-८, एसपी२६३ आणि एसपी१४२. ब्लूप्रिंट नावाचा एक मोठा प्रोजेक्ट झाला होता ज्यात हे चौघं एकाच ट्यूमरवर लावून बघितले, त्यात पहिले तिघे जवळपास सारखे निघाले आणि एसपी१४२ ने ट्यूमर सेल बऱ्याच कमी रंगवल्या. तुमचे दोन्ही क्लोन त्या सारख्या तिघांमधले आहेत. म्हणजे नुसत्या क्लोनमुळे ६० चे ३५ झाले असं मला वाटत नाही.

सरासरी काढू नका, मेव्हण्यांना सांगा. दोन वेगळ्या सेक्शनमध्ये दोन वेगळ्या डोळ्यांनी केलेले अंदाज आहेत ते, त्यांची बेरीज करून भागाकार केला तर जो आकडा येईल तो कुठल्याच स्लाइडवर नसेल. त्यापेक्षा पहिल्या लॅबकडून त्यांची रंगवलेली पीडीएल-१ स्लाइड, तिच्यासोबतची एच अँड ई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड आणि कंट्रोल (रंग बरोबर आला का ते तपासायची स्लाइड) मागून घ्या, पेशंटला त्या मिळतात, अर्ज द्यावा लागतो आणि थोडं डिपॉझिट घेतात काही ठिकाणी. परळला दुसऱ्या रिपोर्टवर ज्या पॅथॉलॉजिस्टची सही आहे त्यांनाच विनंती करा की दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून एकदा बघा. एकाच माणसाने एकाच बैठकीत दोन्ही वाचल्या की उत्तर बरंच स्वच्छ येतं.

ब्लॉक_ब्लेड

ताईंनी सगळं सांगितलंय, मी हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, फक्त ब्लॉकबद्दल बोलतो कारण भावाला तिसऱ्या लॅबमध्ये जायचंय हे वाचून पोटात गोळा आला. दादा, तो ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा आहे आणि तो संपतो. प्रत्येक लॅब ब्लॉक मशीनवर लावते तेव्हा आधी ट्रिम करते, पृष्ठभाग सपाट करायला काही सेक्शन फुकट जातात, मग कामाचे मिळतात. आधीच दोनदा कापलाय. तिसऱ्यांदा पीडीएल-१ साठी कापलात आणि ईजीएफआरला टिश्यूच उरला नाही तर बाबांना परत सुई टोचावी लागेल. ईजीएफआर, एएलके, आरओएस१ ह्यांच्यासाठी पहिला हक्क द्या त्या ब्लॉकवर. परळच्या काउंटरला विचारून घ्या की सगळ्या टेस्टचे सेक्शन एकदमच कापून ठेवलेत ना.

अजून एक, छातीतलं पाणी काढलं होतं म्हणता ना, त्याचा सेल ब्लॉक (पाण्यातल्या सेल गोळा करून मेणात बसवलेला ब्लॉक) केला होता का ते त्या पहिल्या हॉस्पिटलमध्ये विचारा. पाण्यात कॅन्सरच्या सेल असतील तर त्याच्यावर ईजीएफआर आरामात होतं. लोकांना हे माहीतच नसतं आणि तो ब्लॉक कपाटात पडून राहतो.

फॉर्मॅलिनचं पण बघा. तुकडा काढल्या काढल्या १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला पाहिजे, तरच पीडीएल-१ चा रंग भरवशाचा. लहान नर्सिंग होममधून तुकडा सलाइनमध्ये येतो, शनिवारी दुपारी काढलेला सोमवारी सकाळी पोचतो, पावसात ट्रॅफिकमध्ये अडकतो, बाटलीवर काढल्याची वेळ लिहिलेली नसते, हे मी बघतो आणि खूप जीव तुटतो कारण त्या तुकड्यावर कोणाचं तरी लाखोंचं औषध ठरणार असतं. हाडातला तुकडा असेल तर ॲसिडमध्ये घालून मऊ करतात, त्यानेही रंग बिघडतो, तुमच्या केसमध्ये तो प्रश्न नाही, पण बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. आणि कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड महिनोन्‌महिने पडून असतील तर त्यांच्यावर पीडीएल-१ करू देऊ नका, रंग उतरतो.

रिपोर्टवर कंट्रोल लिहिलाय का तेही बघा. आम्ही टॉन्सिल लावतो, त्यात क्रिप्टच्या एपिथेलियमला जोरात रंग आला पाहिजे आणि जर्मिनल सेंटरमधल्या मॅक्रोफेजला मध्यम-फिका, तेव्हाच त्या दिवसाचं मशीन आणि अँटिबॉडी बरोबर चाललं म्हणायचं.

ब्लॉक लोकलने नेणार असाल तर छोट्या डबीत घालून पिशवीत वरती ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

ऑन्को_रेसिडेंट

बोरिवली_वेस्ट, तुमची कळकळ समजते पण हा सल्ला कृपया कोणी पाळू नका, मी जरा सविस्तर सांगतो का ते.

परळच्या डॉक्टरांनी ईजीएफआर आणि एएलकेसाठी थांबवलंय ते अगदी बरोबर केलंय. भारतात फुप्फुसाच्या एडिनोकार्सिनोमाच्या चार-पाच पेशंटमागे साधारण एकात ईजीएफआर म्युटेशन सापडतं, बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांत कमी, पण सापडतं. म्युटेशन असेल तर ओसिमर्टिनिबसारखी रोजची गोळी हीच पहिली ट्रीटमेंट, आणि पीडीएल-१ त्यावेळी ६० काय ९० असलं तरी एकटी इम्युनोथेरपी अशा ट्यूमरवर फार कमी चालते. हे लोकांना पटत नाही, एवढा मोठा आकडा आलाय मग औषध चालेल कसं नाही, पण त्या ट्यूमरमध्ये पीडीएल-१ म्युटेशनच्या जोरावर वाढलेलं असू शकतं, तिथे टी सेल जमलेल्याच नसतात, मग अडवणूक काढून टाकली तरी मारायला कोण येणार.

त्याहून मोठी काळजी ही की आधी इम्युनो दिली आणि मग ईजीएफआर पॉझिटिव्ह निघालं म्हणून ओसिमर्टिनिब सुरू केलं तर फुप्फुसाला सूज येऊ शकते, न्यूमोनायटिस, आणि तो जीवघेणा होऊ शकतो. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता त्यात अशा क्रमाने औषधं घेतलेल्या ४१ पैकी ६ जणांना गंभीर त्रास झाला, इम्युनो संपून तीन महिने व्हायच्या आत गोळी सुरू केली त्यांच्यात जास्त. इम्युनोचं औषध शरीरात बरेच आठवडे राहतं, दिलेलं परत काढून घेता येत नाही. म्हणून "नंतरचे रिपोर्ट नंतर बघू" हे फुप्फुसाच्या बाबतीत चालत नाही. खरंच थांबणं शक्य नसेल, पेशंटला धाप लागत असेल, तर डॉक्टर पहिली सायकल नुसत्या केमोची देतात आणि रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरवतात.

आता ५० ची रेघ आली कुठून. कीनोट-०२४ नावाची ट्रायल, २०१६ मध्ये निकाल आला. टीपीएस ५० किंवा जास्त, ईजीएफआर-एएलके नसलेले पेशंट, अर्ध्यांना नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब आणि अर्ध्यांना केमो. पाच वर्षांनी पेम्ब्रोच्या बाजूचे ३१.९ टक्के हयात, केमोच्या बाजूचे १६.३ टक्के. चौथ्या स्टेजमध्ये हे खूप मोठं यश आहे, मी स्वतः असे पेशंट ओपीडीत बघतो आणि आनंद होतो. पण त्याच ट्रायलमध्ये पेम्ब्रोने गाठ लहान झालेले साधारण ४५ टक्केच होते. म्हणजे ५० च्या वर आकडा असूनही निम्म्याहून जास्त लोकांची गाठ ठरलेल्या मापाएवढी कमी झाली नाही. ही रेघ ट्रायल आखताना ठरवलेली आहे, ४९ आणि ५१ मध्ये शरीरात काही वेगळं घडत नाही.

आणि ३५ आलं म्हणजे इम्युनो हातची गेली असं मुळीच नाही. कीनोट-१८९ ट्रायलमध्ये पेमेट्रेक्सेड, प्लॅटिनम ही केमो आणि पेम्ब्रो एकत्र दिलं, त्यात पीडीएल-१ एक टक्क्याच्या खाली असलेल्यांनाही फायदा झाला. म्हणजे तुमच्या दोन रिपोर्टमधला वाद इम्युनो द्यायची की नाही हा नाहीच आहे, केमो सोबत द्यायची की नाही एवढाच आहे. आजार खूप पसरलेला असेल, पटकन आटोक्यात आणायचा असेल, तर ५० च्या वर असूनही आम्ही कित्येकदा केमो जोडतो. उलट पेशंट फार अशक्त असेल तर १ ते ४९ मध्येही कधीकधी एकटं पेम्ब्रो विचारात घेतलं जातं.

बाबांना केमोची धास्ती आहे ना, त्यांना सांगा की पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही त्यांनी चाळीत बघितलेल्या केमोसारखी असेलच असं नाही, केस बहुतेकांचे फारसे जात नाहीत, उलटीवर औषधं चांगली आहेत. फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी१२ चं इंजेक्शन सुरुवातीच्या आठवडाभर आधी द्यायचं असतं, त्याने रक्तावरचा परिणाम कमी होतो. ते आत्ताच विचारून सुरू केलंत तर रिपोर्टची वाट बघण्यात गेलेला वेळ वाया जाणार नाही.

वसईचे_मास्तर

माझ्या मिसेसना जिभेचा कॅन्सर आहे, परत आलेला, म्हणून सीपीएसबद्दल लिहितो. आमचा सीपीएस १२ आला होता आणि मी पण सगळीकडे विचारत होतो की १२ टक्के म्हणजे कमी की जास्त, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मास्तर तो टक्का नाहीच, त्यापुढे टक्क्याची खूणच लिहायची नसते. पण म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही, ताई तुम्ही सांगाल का.

आम्हाला टाटाचीच लो डोसवाली पद्धत दिली, निव्होलुमॅब २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी आणि सोबत तीन गोळ्या. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी असतो, तो आम्हाला जन्मात परवडला नसता. मिसेसना सध्या बरं आहे, घास गिळता येतो, पेज-भात खाते, आमच्यासाठी ते खूप आहे. गिरणगावकर, तुम्ही पण बाबांसाठी ह्या कमी डोसचं विचारून बघा, खोली विकायची गरज पडणार नाही.

स्लाइडवाली

मास्तर, वाचून खूप बरं वाटलं, मिसेसना नमस्कार सांगा.

सीपीएस हा भागाकार आहे, त्यात वरच्या आकड्यात रंग आलेल्या ट्यूमर सेल तर घ्यायच्याच, शिवाय ट्यूमरच्या आत आणि लगत असलेले रंगलेले लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज पण घ्यायचे. खाली मात्र फक्त ट्यूमर सेल. त्याला १०० ने गुणायचं. वर पाहुणे मोजले आणि खाली नाही मोजले, त्यामुळे उत्तर १०० च्या वरही जाऊ शकतं, तेव्हा १०० च लिहायचं असं ठरलेलं आहे. म्हणून तो टक्का नाही. तुमचे १२ म्हणजे दर १०० ट्यूमर सेलमागे १२ रंगलेल्या सेल, त्यात किती ट्यूमरच्या आणि किती आजूबाजूच्या ते आकड्यावरून कळत नाही.

तोंड-घशाच्या कॅन्सरला कीनोट-०४८ ट्रायलमध्ये सीपीएस १ आणि २० ह्या दोन रेघा होत्या, म्हणून आत्याच्या दिरांच्या २५ ला डॉक्टर चांगला म्हणाले. ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्टला तीच रेघ १० वर आहे. फुप्फुसाला टीपीएस. म्हणजे गिरणगावकर दादा, तुमचे ३५ आणि त्यांचे २५ ही वेगवेगळी मापं आहेत, वेगळे सेल मोजलेत, वेगळ्या अवयवात, वेगळ्या ट्रायलवरून रेघ मारलीय. घरातल्या ग्रुपवर दोन रिपोर्ट शेजारी टाकून तुलना करणं थांबवा, त्यातून फक्त कोणाचं तरी मन खचतं.

आणखी एक तिसरं माप आहे, एसपी१४२ सोबत वापरतात, त्यात सेल मोजतच नाहीत, ट्यूमरच्या जागेपैकी किती जागा रंगलेल्या इम्यून सेलनी व्यापलीय ते बघतात. मला विचाराल तर हे सगळ्यात अवघड आहे. ट्यूमर सेलवर आम्हा पॅथॉलॉजिस्ट लोकांचं बऱ्यापैकी एकमत होतं, ५० च्या आसपास चांगलं, १ च्या आसपास कमी कारण तिथे एक-दोन सेलवर निकाल फिरतो, पण इम्यून सेलवर मतं खूपच फाटतात. आता स्लाइड स्कॅन करून कॉम्प्युटरकडून मोजून घ्यायचं काम बऱ्याच ठिकाणी चालू आहे आणि मला त्याची आशा वाटते, पण मॅक्रोफेज आणि ट्यूमर सेल वेगळं ओळखायचं अवघड काम त्यालाही करावंच लागतं. रिपोर्टवर क्लोन, मशीन, स्कोअरचा प्रकार, ट्यूमर सेल पुरेशा होत्या की नाही, हे चारही लिहिलेलं नसेल तर तो रिपोर्ट परत पाठवून लिहून मागा, तुमचा हक्क आहे तो.

ऑन्को_रेसिडेंट

मास्तर, तुमच्या मिसेसना फायदा होतोय हे खूपच छान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तो अभ्यास टाटा मेमोरियलचा, २०२२ मध्ये छापून आला, डोके-मान भागाच्या कॅन्सरचे १५१ पेशंट, सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकोक्सिब, एर्लोटिनिबच्या गोळ्या आणि अर्ध्यांना त्यासोबत २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. एक वर्ष जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. आपल्या देशातल्या पेशंटसाठी आपल्याच माणसांनी केलेलं इतकं कामाचं संशोधन फार थोडं आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण तो निकाल तोंड-घशाचा आहे, त्या गोळ्यांसोबतचा आहे. फुप्फुसाला तोच डोस तसाच चालतो असं त्यावरून म्हणता येत नाही. गिरणगावकर, पैशांचा प्रश्न डॉक्टरांसमोर उघडपणे मांडा, लाजू नका, कंपन्यांच्या पेशंट असिस्टन्स स्कीम असतात, हॉस्पिटलचे सोशल वर्कर असतात, ट्रायल चालू असतात, पण डोस मनाने ठरवू नका.

गिरणगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक रिप्लाय भावाला आणि मेव्हण्याला वाचून दाखवला. अपडेट देतो.

पहिल्या लॅबमधून स्लाइड मिळाल्या, अर्ज दिला आणि एका दिवसात दिल्या. परळच्या मॅडमनी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या, मलाही त्या दोन जणांनी बघायच्या मायक्रोस्कोपमधून दाखवलं, ब्राउन कड म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. त्या म्हणाल्या पहिल्या स्लाइडमध्ये एका बाजूला मॅक्रोफेजचा मोठा पट्टा आहे, तो सोडला तर ट्यूमर सेलमध्ये ४५ च्या आसपास येतं, आणि दुसऱ्या स्लाइडमध्ये खोल कापल्यामुळे ट्यूमरच कमी उरलाय, तिथे ३५ च. त्यांनी लेखी दिलंय, टीपीएस १ ते ४९ च्या गटात, सॅम्पल मर्यादित. तिसरी लॅब रद्द केली.

छातीतल्या पाण्याचा सेल ब्लॉक खरंच होता! ब्लॉक_ब्लेड दादा, तुमचे पाय धरावेसे वाटतात. त्याच्यावर ईजीएफआर केलं, निगेटिव्ह आलं. एएलके आणि आरओएस१ यायचेत. फॉलिक ॲसिड सुरू केलंय.

अजून दोन प्रश्न. एका लॅबचा माणूस फोन करून टीएमबी आणि एमएसआयचं पॅकेज घ्या म्हणतोय, त्याने इम्युनो चालणार की नाही ते पक्कं कळेल म्हणतो, घ्यायचं का? आणि बाबांना तरुणपणी टीबी झाला होता, मिलमध्ये असताना, पूर्ण कोर्स केला होता. त्याने इम्युनोला काही अडचण येते का?

ब्लॉक_ब्लेड

पाय-बिय काही नको दादा, बाबांना बरं वाटू दे. एएलके डी५एफ३ अँटिबॉडीवर करत असतील तर एका सेक्शनचं काम आहे, टिश्यू जास्त जाणार नाही, काळजी करू नका.

ऑन्को_रेसिडेंट

पक्कं कळेल असं कोणी सांगत असेल तर फोन ठेवून द्या, तशी टेस्ट आज नाहीये. एमएसआय म्हणजे ट्यूमरमध्ये डीएनएच्या चुका दुरुस्त होत नसल्याची खूण, तिचं महत्त्व मोठं आहे, २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पहिल्यांदा अवयव न बघता फक्त ह्या खुणेवर पेम्ब्रोलिझुमॅबला मंजुरी दिली, पण ते जास्त करून आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये सापडतं, फुप्फुसात क्वचित. टीएमबी म्हणजे ट्यूमरमध्ये एकूण म्युटेशन किती, दर मेगाबेसला १० किंवा जास्त असेल तर २०२० पासून तिथे मान्यता आहे, पण ती आधीच्या ट्रीटमेंटनंतर आजार वाढलेल्यांसाठी. तुमच्या बाबांची सुरुवातीची ट्रीटमेंट टीएमबीने बदलणार नाही. उद्या मोठा एनजीएस पॅनेल (एकदम बऱ्याच जीनची टेस्ट) करायची वेळ आली तर टीएमबी त्यातच मिळून जाईल, त्यासाठी आत्ता वेगळे पैसे घालू नका.

टीबीचं मात्र बरं झालं सांगितलंत, हे डॉक्टरांना उद्याच सांगा. जुना, पूर्ण कोर्स झालेला टीबी असेल तर इम्युनो बंद असं नाही, पण ह्या औषधांवर असताना टीबी परत डोकं वर काढल्याच्या केस जगभर नोंदल्या गेल्यात आणि आपल्याकडे तर टीबी घरोघरी. सुरू करायच्या आधी सीटीमध्ये जुने डाग आहेत की चालू आजार ते बघतील, बेडका येत असेल तर तपासतील. पुढे कधी खोकला वाढला, ताप राहायला लागला तर तीन शक्यता असतात, कॅन्सर वाढला, टीबी उठला, किंवा औषधाचा न्यूमोनायटिस, आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. न्यूमोनायटिसला स्टिरॉइड देतात, टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो. त्यामुळे घराजवळच्या डॉक्टरांनी कुठलंही स्टिरॉइड लिहिलं तर आधी परळला फोन करायचा. थायरॉइड, साखर, लिव्हर ह्यांच्या रक्ततपासण्या सुरू करण्याआधीच्या करून ठेवा म्हणजे नंतर तुलना करता येते, आणि जुलाब लागले तर घरगुती उपायांवर न थांबता लगेच कळवायचं.

बाबांच्या टीबीचे जुने एक्स-रे, कार्ड, काहीही असेल तर माळ्यावरून शोधून काढा आणि एएलकेचा रिपोर्ट घ्यायला जाल तेव्हा सोबत न्या.